गजराचें घड्याळ आणि वीज

घड्याळ हें जागेपणीं वापरावयाचें यंत्र आहे. गजराचें घड्याळ मात्र झोपेंत वापरावयाचें. हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो, परंतु या दोन यंत्रांचे इतिहास वेगळे होण्याचें कारण त्यांतच आहे. भिंतीवरचें घड्याळ दहा मिनिटें मागें पडलें, तर शेजाऱ्याच्या घड्याळावरून किंवा अंगणांत उतरलेल्या उन्हावरून तें आपल्या लक्षांत येतें, आणि आपण कांटा पुढें सारून मोकळे होतों. गजराच्या घड्याळाची चूक कळते ती तिचें फळ भोगून झाल्यावर. आगगाडी निघून गेलेली असते, परीक्षेची घंटा झालेली असते, रोग्याला द्यावयाच्या औषधाची वेळ टळलेली असते, आणि आपण डोळे चोळीत तबकडीकडे पाहत असतों. कोंबडें झाकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं हें खरेंच. पण ज्याला तांबडें फुटण्याच्या आधीं चार घटका उठावयाचें आहे त्याला या म्हणीचा कांहीं उपयोग नाहीं. त्याला रात्रीं निजतांना आपला उद्यांचा दिवस कोणाच्या तरी स्वाधीन करावा लागतो. तो कोणाच्या स्वाधीन करावा, आणि ज्याच्या स्वाधीन केला तो आपल्या खोलींत आहे कीं दहा कोसांवर, हा प्रश्न विजेनें या लहानशा यंत्राच्या पोटांत नव्यानें उभा केला. तीच हकीगत येथें सांगावयाची आहे.

विजेच्या पूर्वीं हा विश्वास माणसावर तरी ठेवीत किंवा स्प्रिंगवर तरी. इंग्लंडांतील गिरणगांवांतून पहांटे लांब काठीनें मजुरांच्या खिडक्यांवर टकटक करीत हिंडणारे लोक असत. आठवड्याला थोडेसे पैसे घेऊन ते गल्लीच्या गल्ली जागी करीत, आणि हा धंदा विसाव्या शतकांतहि बरींच वर्षें टिकून होता. मठांतील साधूंना रात्रीच्या प्रार्थनेस उठविणारीं यंत्रें युरोपांत फार जुनीं आहेत. अमेरिकेंत न्यू हँपशायरमधील काँकर्ड गांवच्या लेव्ही हचिन्स या घड्याळजीनें १७८७ सालीं स्वतःसाठीं गजराचें घड्याळ केलें, तें पहांटे चारलाच वाजे. दुसऱ्या कोणत्याहि वेळीं वाजण्याची त्यांत सोय नव्हती, कारण त्याला स्वतःला चारला उठावयाचें होतें आणि इतर जगाच्या उठण्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. हव्या त्या वेळेस लावतां येणाऱ्या गजराचें पेटंट आंत्वान रेदिये या फ्रेंच कारागिरानें १८४७ त घेतलें, आणि सेथ थॉमसच्या अमेरिकन कारखान्यानें १८७६ त उशाशीं ठेवण्याजोग्या लहान घड्याळाचें पेटंट मिळविल्यावर हें यंत्र सामान्य माणसाच्या घरांत शिरलें. या घड्याळांना किल्ल्या दोन : एक चालण्याची, दुसरी वाजण्याची. दोहोंपैकीं एक द्यावयाची राहिली कीं संपलें. शिवाय गजराची स्प्रिंग थोड्याच वेळांत उलगडून जाई, आणि मग गाढ झोपेच्या माणसाला दुसऱ्यांदा हांक मारण्यास त्या बिचाऱ्या यंत्रापाशीं कांहीं उरत नसे.

गजराच्या घड्याळाचीं कामें दोन आहेत : वेळ मोजणें आणि वेळ होतांच हांक मारणें. विजेनें यांतलें दुसरें काम आधीं उचललें व पहिलें मागाहून. या दोहोंच्या मध्यें जवळजवळ ऐंशीं वर्षें गेलीं.

हांक मारण्याचें काम तर विजेनें आपल्या बाळपणींच शिकून घेतलें. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८३१ त आल्बनी येथील विद्यालयांत मैलभर लांबीची तार भिंतींवरून फिरवून तिच्या शेवटीं एक विद्युच्चुंबक व त्याजवळ एक फिरती चुंबकित पट्टी बसविली. तारेंत प्रवाह सोडतांच ती पट्टी वळून घंटेवर आदळे. पुढें १८३७ त कुक व व्हीटस्टन यांनीं इंग्लंडांत तारायंत्राचें पेटंट घेतलें, त्याच्या मथळ्यांतच दूरच्या ठिकाणीं खुणा देणें व गजर वाजविणें अशीं दोन कामें बरोबरीनें सांगितलेलीं आहेत. याचें कारण उघड आहे. तारमास्तर दिवसभर सुयांकडे टक लावून बसूं शकत नाहीं. निरोप येत असल्याची त्याला आधीं हांक गेली पाहिजे. या गजराची रचना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांत वीज घंटा वाजवीत नसे. घंटा वाजविणारी ती स्प्रिंगच. विजेचें काम एवढेंच कीं, विद्युच्चुंबकानें एक लहानसा अडसर ओढून त्या स्प्रिंगला मोकळें करावें. वीज त्या काळीं फार दुबळी होती, आणि दुबळ्यानें बलवंताचें दार तेवढें उघडावें अशी ही वांटणी होती. पुढें शंभर वर्षांनीं ती नेमकी उलटी कशी झाली तें येईलच.

वीज स्वतः घंटा वाजवूं लागली ती १८४० च्या सुमारास वाग्नर व नेफ या जर्मनांनीं आपोआप थरथरणारी हातोडी सिद्ध केल्यापासून. प्रवाह सुरू झाला कीं विद्युच्चुंबक हातोडीला ओढतो; हातोडी सरकतांच तिच्या मागचा जोड सुटून प्रवाह तुटतो; प्रवाह तुटतांच हातोडी स्प्रिंगच्या जोरानें परत येते आणि पुन्हां जोड लागतो. स्वतःचाच आधार क्षणोक्षणीं तोडून घेणारें हें यंत्र पुढें घरोघरच्या दारावर जाऊन बसलें. परंतु घरांत वीज कोठून आणावयाची ? त्या काळच्या बहुतेक घटांतील द्रव्यें, काम असो वा नसो, झिजत जात आणि त्यांची सतत निगा राखावी लागे. ती अडचण १८६६ त जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच इंजिनिअरनें दूर केली. काचेच्या बरणींत नवसागराचें पाणी, त्यांत जस्ताची कांडी आणि मँगनीजच्या काळ्या भुकटीनें वेढलेला कोळशाचा तुकडा, एवढाच त्याच्या घटाचा संसार. हा घट महिनेच्या महिने स्वस्थ बसून राही, आणि मधून पाणी घातलें कीं त्याचें भागे. त्याच्या अंगीं एक खोड मात्र होती : प्रवाह सारखा चालू ठेवला तर तो लवकर थकून जाई व विसावा मिळतांच पुन्हां ताजा होई. दारावरच्या घंटेला ही खोड बाधत नाहीं, कारण पाहुणा दोन क्षण बटन दाबून थांबतो. गजराला ती बाधते. झोपणारा जितका निर्ढावलेला तितका घट आधीं दमावयाचा.

तरीहि लोकांनीं याच घटांवर विजेचे पहिले घरगुती गजर चालविले. साध्या घड्याळाच्या कांट्यांजवळ एक धातूचा जोड बसवावयाचा, आणि ठरलेल्या वेळीं तो लागला कीं तारेनें दुसऱ्या खोलींतली घंटासुद्धां वाजावी, अशी ही रचना. पुढें कोरडे सेल निघाल्यावर एका लांकडी पेटींत सेल व घंटा बसवून वर नेहमींचें किल्लीचें गजर-घड्याळ ठेवूं लागले. गजराची किल्ली फिरूं लागली कीं तिच्याच पात्यानें जोड लागावा. हीं घड्याळें विजेचीं म्हणून विकलीं जात, परंतु वेळ मोजण्याचें काम त्यांत अजून स्प्रिंगच करीत होती. नांव विजेचें आणि कष्ट पोलादाचे !

या अवस्थेंतील सर्वांत नमुनेदार घर पाहावयाचें तर फ्रान्समधील ब्ल्वा शहराजवळच्या सें-जर्व्हे गांवीं जावें लागेल. तेथें झां-युजीन रोबेर-उदें हा नामांकित जादूगार निवृत्त होऊन राहिला होता. हा १८०५ त जन्मला, बाप घड्याळजी, आणि हाहि आधीं घड्याळजीच; रंगभूमीवरची त्याची कीर्ति मागाहूनची. आपल्या घरांतील योजनांचें वर्णन त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे, आणि तें वाचतांना करमणूकहि होते व थोडी धास्तीहि वाटते. घरांतील एका मुख्य घड्याळाकडून इतर तबकड्या विजेनें चालत. स्वयंपाकघराच्या ढकलत्या दाराची जोडणी अशी होती कीं, चाकरमाणसांच्या येण्याजाण्यानेंच एका घड्याळाचें वजन वर चढावें. म्हणजे चाकर न कळत धन्याच्या घड्याळाला किल्ली देत असत. घोड्याला दाणा ठरलेल्या वेळीं विजेनें सुटे. पहांटे चाकरांच्या खोल्यांतून ज्याच्या त्याच्या वेळेला घंटा वाजत, आणि त्या घंटा अंथरुणांतून हात लांबवून बंद करण्याची सोय नव्हती. उठून खोलीच्या दुसऱ्या टोंकाला जावें तेव्हां तेथील बटनानें घंटा थांबे. तोंवर मनुष्य अर्थातच जागा झालेला असे.

येथपर्यंत सारें गमतीचें आहे. पण याच वर्णनांत तो आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याला कधीं भूक लवकर लागली किंवा जेवण थोडें लांबवावयाचें असलें, तर खोलींतल्या खोलींत एक गुप्त कळ दाबून सबंध घरांतील घड्याळें आपण पुढें किंवा मागें करूं शकतों; स्वयंपाकीण बिचारी घड्याळ पाहून कामाला लागते व आपण वेळेवरच आहों असें समजते ! जादूगारानें ही गोष्ट हातचलाखी म्हणून लिहिली. मला मात्र ती सबंध पुढच्या इतिहासाची सूचना वाटते. उशाशीं असलेली तबकडी ज्या तारेनें चालते त्या तारेचें दुसरें टोंक ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं आपली सकाळ जाते. सें-जर्व्हेच्या घरांत तो हात एका थट्टेखोर यजमानाचा होता, आणि नुकसान झालें तर एखाद्या जेवणाचें. हा हात पुढें कोणाचा झाला हें समजण्यासाठीं विजेनें वेळ मोजण्याचें काम कसें हातीं घेतलें तें पाहिलें पाहिजे.

त्या कामाचा आरंभ स्कॉटलंडच्या उत्तर टोंकाला वॅटन नांवाच्या खेड्यांत १८१० सालीं जन्मलेल्या अलेक्झांडर बेन या गरीब शेतकऱ्याच्या मुलानें केला. विक येथें तो घड्याळजीकडे उमेदवारी करी. थर्सो येथें विजेवर व्याख्यान होतें तें ऐकावयास तो पायीं गेला आणि त्या रात्रीपासून त्याला दुसरें कांहीं सुचलें नाहीं असें सांगतात. लंडनला आल्यावर १८४० त त्यानें आपले नमुने व्हीटस्टनला दाखविले. या कल्पनांच्या पाठीस लागण्यांत अर्थ नाहीं असा सल्ला त्या थोर प्राध्यापकानें दिला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रॉयल सोसायटीपुढें विजेचें घड्याळ स्वतःचें म्हणून मांडलें, असा बेनचा आरोप. बेनचा अर्ज मात्र त्यापूर्वींच गेला होता, आणि १८४१ च्या जानेवारींत बारवाइज या घड्याळजीच्या जोडीनें त्याला विजेच्या घड्याळाचें पेटंट मिळालें. या वादांत न्याय कोणत्या बाजूला होता याविषयीं आज फारसें दुमत नाहीं. प्राध्यापकाला ‘सर’ ही पदवी मिळाली; बेन १८७७ त दारिद्र्यांत वारला.

बेनच्या घड्याळांत लंबकाचा गोळा म्हणजेच तारेचें वेटोळें होतें, आणि तें स्थिर चुंबकांवरून झोके घेई. प्रत्येक झोक्याला एक सरकता जोड लागून वेटोळ्यांत प्रवाह जाई व लंबकाला हलकासा धक्का मिळे. वीज कोठली, तर ओल्या जमिनींत एक जस्ताचा व एक तांब्याचा असे दोन पत्रे पुरून त्यांपासून निघणारी. जमीन हाच घट ! कल्पना मोठी मोहक, पण तिच्यांत दोन दोष होते. सरकत्या जोडावर मळ सांचे. आणि विजेचा जोर कमीजास्त झाला कीं झोक्याचा विस्तार बदले व घड्याळाची चाल बिघडे. माथेउस हिप या जर्मन कारागिरानें दुसरा दोष मोठ्या युक्तीनें टाळला. त्याच्या लंबकाला एक लोंबती जीभ असे. लंबकाचा झोका भरपूर असेपर्यंत ती जीभ खालच्या खांचेवरून नुसती घसरत जाई; झोका कमी झाला कीं मात्र ती खांचेंत अडके आणि तेवढ्यापुरता जोड लागून लंबकाला धक्का मिळे. भूक लागेल तेव्हांच घांस, एरवीं नाहीं. हीं घड्याळें वेधशाळा, रेल्वे व कचेऱ्या यांच्या कामीं आलीं. परंतु लंबकाचें घड्याळ उशाशीं ठेवतां येत नाहीं, आणि घटांची निगा राखीत कोणी झोपावयास जात नाहीं. गजराच्या दृष्टीनें ही वाट येथेंच खुंटली.

ती पुढें कशी फुटली याचें श्रेय हेन्री एलिस वॉरेन या अमेरिकन इंजिनिअरला आहे. तो १८७२ त बॉस्टन येथें जन्मला. मॅसॅच्युसेट्समधील ॲशलंड या गांवीं त्यानें १९१२ त घड्याळांची कंपनी काढली, ती आरंभीं सेलवर चालणारींच घड्याळें करी. सेलचा जोर जसा उतरे तशी चाल बदले, हा बेनला भोंवलेला दोष त्यालाहि भोंवला. तेव्हां त्यानें असा विचार केला कीं, घरोघर दिव्यांसाठीं जी वीज येते ती उलटसुलट वाहणारी आहे. अमेरिकेंत तिचीं सेकंदाला ६० आवर्तनें होतात. तर या आवर्तनांच्या तालावरच कां चालूं नये? जोर कमी होवो वा जास्त, ताल तोच राहतो. दिंडींतला टाळकरी पखवाज मोठ्यानें वाजतो कीं हळू इकडे लक्ष न देतां ठेक्याबरोबर पाऊल टाकतो, त्याप्रमाणें आवर्तनांशीं पाऊल जुळवून फिरणारी लहानशी मोटर त्यानें तयार केली. अशी मोटर ठेका धरून फिरते किंवा मुळींच फिरत नाहीं. मधली स्थिति तिला माहीत नाहीं.

ताल धरणाऱ्या मोटरी त्यापूर्वींहि होत्या; अडचण ही कीं त्या आपण होऊन सुरू होत नसत, त्यांना हातानें चालना द्यावी लागे. वॉरेननें लोखंडी गाभ्याच्या टोंकांवर, अर्ध्या भागाला वेढणारीं तांब्याचीं कडीं बसविलीं. कड्याखालच्या भागांतलें चुंबकत्व उरलेल्या भागाहून किंचित् मागें रेंगाळतें. त्यामुळें टोंकांमधलें चुंबकक्षेत्र नुसतें मागेंपुढें न होतां गोल फिरूं लागतें, आणि मध्यें ठेवलेलें कठीण पोलादाचें हलकें चाक त्याच्या ओढीनें आपोआप फिरूं लागून अखेर ठेका पकडतें. ६० आवर्तनांवर हें चाक मिनिटाला ३,६०० फेरे घेतें. तें व त्याची गति उतरविणारीं दांत्यांचीं चाकें एका बंद धातूच्या डबींत तेलांत बुडविलेलीं असत. या मोटरीला खर्च दोन-तीन वॅटचा. आवाज जवळजवळ नाहींच. टिकटिक न करणारें घड्याळ लोकांनीं प्रथमच ऐकलें, म्हणजे ऐकलें नाहीं.

आणि येथें गंमत झाली. घड्याळ निर्दोष असूनहि वेळ चुकूं लागली. शोध करतां असें आढळलें कीं दोष घड्याळाचा नसून वीजघराचा आहे. ६० आवर्तनें म्हणजे दिवसाला ५१,८४,००० आवर्तनें व्हावयास हवीं. पण त्या काळच्या वीजघराला ६० हा आंकडा अदमासाचाच होता. दिवे साडेएकोणसाठांवर तितकेच पेटतात. घड्याळ मात्र तेवढ्यानें दिवसाला बारा मिनिटें मागें पडतें. दुसरा एखादा कारागीर असता तर त्यानें घड्याळ बदललें असतें. वॉरेननें वीजघर बदललें. त्यानें एक मुख्य घड्याळ रचलें. त्याच्या एकाच तबकडीवर दोन कांटे, एक उत्तम लंबकानें चालणारा व दुसरा त्याच वीजघराच्या प्रवाहानें चालणारा. यंत्रावरच्या माणसानें एवढेंच पाहावयाचें कीं दोन्ही कांटे एकत्र चालत आहेत. विजेचा कांटा मागें पडला तर यंत्राची गति किंचित् वाढवावयाची, पुढें गेला तर कमी करावयाची. हें घड्याळ बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या वीजघरांत २३ ऑक्टोबर १९१६ रोजीं बसविण्यांत आलें. विजेच्या कंपन्यांनीं हें परोपकारबुद्धीनें केलें असें कोणी समजूं नये. आवर्तनें नेमकीं एक झाल्याखेरीज दोन वीजघरें एकमेकांस जोडतां येत नाहींत. तेव्हां घड्याळाच्या निमित्तानें आलेली ही शिस्त पुढें देशभर पसरलेल्या तारांच्या जाळ्याला फार उपयोगी पडली.

वॉरेनच्या मोटरीवर चालणारीं घड्याळें ‘टेलिक्रॉन’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. नांव ग्रीक धातूंवरून केलेलें आहे आणि त्याचा अर्थ ‘दूरचा काळ’. इतकें प्रामाणिक व्यापारी नांव क्वचितच आढळेल. ॲशलंड गांवाला या कारखान्याचा एवढा अभिमान कीं तेथील शाळेचे खेळाडू अजूनहि ‘क्लॉकर्स’ म्हणवितात.

या घड्याळाला गजर बसवितांना जी युक्ति योजिली ती, माझ्या मतें, या सबंध इतिहासांतील सर्वांत सुबक गोष्ट आहे. निराळी घंटा नाहीं, निराळी मोटर नाहीं, मळणारा जोड नाहीं. घड्याळ चालविणारें जें एकच वेटोळें, त्याच्या गाभ्याजवळ एक लवचिक पोलादी पट्टी आणून ठेवलेली असते. एरवीं तिला एका दांड्यानें दाबून धरलेलें असतें. तासकांट्याबरोबर फिरणारें एक चाक व गजराच्या बटनानें हव्या त्या ठिकाणीं लावतां येणारें दुसरें, अशीं दोन चाकें समोरासमोर असतात. एकावर उंचवटा, दुसऱ्यावर त्याच आकाराची खांच. ठरलेली वेळ आली कीं उंचवटा खांचेसमोर येतो, स्प्रिंगच्या दाबानें चाक केसभर सरकतें, दांडा हटतो आणि पट्टी मोकळी होते. विजेच्या प्रत्येक आवर्तनांत गाभ्याचें चुंबकत्व दोनदां चढतें व दोनदां उतरतें, म्हणून ती पट्टी सेकंदाला १२० वेळां ओढली जाते व सुटते, आणि भुंग्यासारखा खर्जांतला गुंजारव सुरू होतो. कुकच्या तारायंत्रांत विजेनें अडसर काढावा व स्प्रिंगनें घंटा वाजवावी अशी वांटणी होती. येथें स्प्रिंग अडसर काढते व वीज वाजविते. दुबळी कोण आणि बलवान कोण, हें शंभर वर्षांत उलटून गेलें होतें.

या गुंजारवाला दम लागत नाहीं. स्प्रिंग उलगडून संपते, लेक्लांशेचा घट थकतो; वीजघर थकत नाहीं. उठून बटन दाबीपर्यंत पट्टी आपलें काम करीत राहते. यांतून एक लहानशी पंचाईत मात्र निघाली. किल्लीचा गजर एकदां वाजला कीं पुन्हां किल्ली देईपर्यंत गप्प. विजेच्या गजराला किल्लीच नाहीं, आणि तासकांटा तर बारा तासांनीं त्याच जागीं येतो. म्हणून पहांटे पांचला उठविणारें घड्याळ, बटन सोडलेलेंच राहिल्यास, संध्याकाळीं पांचलाहि पाहुण्यांच्या देखत तितक्याच निष्ठेनें गुंजूं लागे. पुढें १९५६ त याच टेलिक्रॉनच्या परंपरेंतून एकदां गप्प करून पुन्हां थोड्या वेळानें वाजणारा गजर बाजारांत आला. रोबेर-उदेंनें चाकरांना जी सवलत हट्टानें नाकारली होती ती कारखान्यानें धन्यांना आपण होऊन दिली.

पण वीज गेली तर ?

या प्रश्नावर घड्याळ करणाऱ्यांत दोन तट पडले, आणि त्यांचा वाद केवळ यंत्राचा नव्हता. वॉरेनची मोटर वीज परत येतांच आपोआप सुरू होते. मध्यरात्रीं वीस मिनिटें वीज गेली व आली, तर सकाळीं घड्याळ चालू दिसतें, शांतपणें फिरत असतें, आणि वीस मिनिटें खोटें सांगत असतें. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें कीं, असल्या घड्याळापेक्षां बंद पडलेलें घड्याळ बरें. तें निदान आपण मेल्याचें कबूल करतें. इंग्लंडांत देशभर एका जाळ्याची वीज खेळूं लागल्यानंतर, १९३० नंतरच्या दशकांत, जीं घड्याळें निघालीं त्यांतील बरींच याच विचारानें हातानें चालना द्यावयाचीं होतीं. अमेरिकेंत लॉरेन्स हॅमंड यानें १९२८ त कंपनी काढून अशींच घड्याळें विकलीं. मागचें बटन फिरविल्याशिवाय तीं सुरू होत नसत. (याच हॅमंडनें पुढें तीच ताल न सोडणारी मोटर एका वाद्यांत बसविली, आणि १९३५ त निघालेला त्याचा विजेचा ऑर्गन घड्याळांहून कितीतरी जास्त गाजला.) वॉरेननें यावर तोड काढली ती तबकडीवरच्या एका लहानशा खिडकीची. वीज एकदां जरी खंडित झाली तरी त्या खिडकींत तांबडा ठिपका दिसे, आणि हातानें पुसल्याशिवाय जात नसे. ठिपका दिसला कीं समजावें, घड्याळ चालतें आहे पण त्याच्या शब्दावर जाऊं नये.

भिंतीवरच्या घड्याळाला ही तोड पुरेशी आहे. गजराच्या घड्याळाला ती पुरत नाहीं, कारण ठिपका पाहावयाला आधीं जागें झालें पाहिजे. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांनीं हा मुद्दा जितका लक्षांत घ्यावयास हवा होता तितका घेतला नाहीं असें मला वाटतें. झोपलेल्या माणसाला कबुलीजबाब देणारें मृत घड्याळ आणि खोटें बोलणारें जिवंत घड्याळ सारखेंच निरुपयोगी. किंबहुना वीस मिनिटें उशिरां कां होईना, जिवंत घड्याळ हांक तरी मारतें. गजरापुरता तरी मी वॉरेनच्या बाजूचा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाहीं. भारतांत विजेचीं आवर्तनें सेकंदाला ५० हवींत. परंतु मागणी पुरवठ्याच्या पुढें धांवत असल्यामुळें विसाव्या शतकाच्या अखेरीस जाळ्याची गति तासन् तास ४९ च्या खालीं रेंगाळणें ही नित्याची गोष्ट होती. नुसत्या ४९ वर चालणारें टेलिक्रॉन दिवसाला जवळजवळ एकोणतीस मिनिटें मागें पडेल. मुंबई ज्या पश्चिम विभागांत येते तेथें, जाळें ओढगस्तींत असतां जास्त वीज घेणाऱ्यास जास्त दर लावण्याची पद्धत २००२ च्या जुलैंत सुरू झाली, तेव्हांपासून ही गति बरीच ताळ्यावर आली. त्यानंतरहि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनीं रोजच्या ठरलेल्या भारनियमनाचीं वर्षें काढलीं आहेत. तशा गांवांत किल्लीच्या किंवा सेलच्या घड्याळावर विसंबणारा मनुष्य जुन्या वळणाचा नव्हता, शहाणा होता.

सेलचें घड्याळहि मध्यंतरीं पार बदललें होतें. स्फटिकाचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरतो आणि तो ताल मोजून कांटा चालतो, अशीं घड्याळें १९७० नंतरच्या काळांत स्वस्त होऊन घरोघर आलीं. बेनला व वॉरेनला छळणारा जुना दोष, सेलचा जोर उतरला कीं चाल बदलण्याचा, यांत उरला नाहीं. दूरच्या वीजघरांत गेलेली वेळ पुन्हां खोलींत परतली. तरीहि तारांच्या जाळ्याशीं ताल जुळविणारीं घड्याळें नाहींशीं झालीं नाहींत. गजराच्या रेडिओंत व स्वयंपाकघरांतील विजेच्या भट्ट्यांत तीं अजून आहेत, आणि आपण त्यांच्यावर विसंबलों आहों याची आठवण त्यांच्या मालकांना सहसा होत नाहीं.

ती आठवण २०१८ सालीं युरोपांत झाली. तेथील पंचवीस देशांचें जाळें तेव्हां एकाच तालावर चालत होतें. सर्बिया व कोसोवो यांच्या भांडणांत कोसोवोच्या हद्दींतला विजेचा तुटवडा कोणी भरून काढीना, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत सबंध जाळ्याची सरासरी गति ५० ऐवजीं ४९.९९६ राहिली. दिवसाला जेमतेम सात सेकंदांचा हा फरक, पण सांचत सांचत तो जवळजवळ सहा मिनिटांवर गेला. बाल्कनांतल्या एका तंट्यामुळें शेंकडों कोस दूरच्या घरांतले गजर उशिरां वाजूं लागले. तुटवडा भरून निघाल्यावर राहिलेली वेळ फेडण्यासाठीं जाळ्याची गति कांहीं आठवडे मुद्दाम किंचित् ५० च्या वर ठेवण्यांत आली, आणि एप्रिलच्या आरंभीं तीं घड्याळें कोणी हात न लावतां बरोबर झालीं. ज्यांनीं मध्यंतरीं मोठ्या दक्षतेनें आपलीं घड्याळें सहा मिनिटें पुढें करून ठेविलीं होतीं, ते मात्र त्या आठवड्यांत सहा मिनिटें आधीं उठले असले पाहिजेत.